भिंतीवरच्या कागदाच्या पट्ट्या

आज वीस एप्रिल. मिरच्यांची देठं काढायची आहेत, तेव्हा हात चालू ठेवूनच सांगते, तुम्ही लिहा. माझं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. लग्न होऊन पनवेलच्या जुन्या बाजारात आले आणि सासूबाईंचा मिरची कांडपाचा डंक, हे कुटायचं यंत्र, हातात घेतला तो आजतागायत. ही इमारत आमचे घरमालक सलीमभाई यांच्या पणजोबांची, तांदळाचे व्यापारी, खाडीत गलबतं यायची तेव्हाची. खाली वखार, वर बिऱ्हाड; आता वखारीत भाड्यानं माझं दुकान, वर सलीमभाई. हे सागाचे खांब बघा, दगडावर नुसते उभे केलेत, एकही जमिनीत पुरलेला नाही, म्हणून ओल चढत नाही. भिंती चुन्यातल्या, हातभर जाड.

तर यंदा या मागच्या भिंतीला तडा गेला आणि काय सांगू तुम्हाला, बिल्डरची माणसं घिरट्या घालायला लागली. सलीमभाई वरून खाली आले, म्हणाले भाभी, तुमच्या डंकानं माझं घर खिळखिळं केलं, मी आता बिल्डरच्या कागदावर सही करून टाकतो. मी म्हटलं भाईजान, डंक सासूबाईंच्या काळापासून कुटतोय, तडा यंदाच कसा? म्हणाले, घर थकलं असेल. मी म्हटलं, थकायला ते काय तुम्ही आहात? पण नुसतं बोलून काय होणार, ही जागा गेली तर डंकाची धडधड कुठली सोसायटी ऐकून घेईल?

मग मी खळ शिजवली आणि तड्यावर कागदाच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली की कागद फाटणार. डंकानं फाटला तर मी आपण होऊन जाते, नाहीतर सही थांबवायची, असं ठरलं.

दिवसभर डंक चालला, कागद शाबूत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी नात्यातल्या साखरपुड्याला गेले, येऊन बघते तर फाटलेला! परत लावला, परत तेच, एक दिवस धड, एक दिवस फाटका. तेव्हा सलीमभाईंच्या बायकोनं, नसीमभाभींनी, जिन्यातूनच सांगितलं, अहो, पाणी येतं त्या दिवशी फाटतोय की तो! आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, म्हणून सलीमभाईंनी दिवाळीनंतर वरच्या मजल्यावर मोठी टाकी बसवली होती, नेमकी या भिंतीवरच्या तुळईवर. माणसं, कपाटं, लग्नाच्या पंगती पेललेली तुळई ती, पण एवढं पाणी एका कोपऱ्यात कुणी ठेवलंच नव्हतं. नसीमभाभी म्हणाल्या, बिचाऱ्या डंकाला शिव्या, आणि हत्ती स्वतःच वर नेऊन बांधलाय. सलीमभाईंना हसू आवरेना.

टाकी मागच्या अंगणात उतरवली, पंप लावला, सुतारानं तुळईला टेकू दिला. घर ठणठणीत झालं असं मी म्हणणार नाही, तडा चुन्यानं भरायचाय, काम बरंच आहे. पण परवा पाणी आलं आणि कागद तसाच राहिला. सलीमभाईंनी माझ्यासमोरच बिल्डरला फोन करून नाही सांगितलं.

काल सकाळी मी लवकर दुकान उघडलं आणि जागेचा भरवसा नाही म्हणून थांबवून ठेवलेल्या मे महिन्याच्या ऑर्डरी घ्यायला बसले. कामोठे गावची एक बाई विचारत होती, ताई, फुडच्या वर्षाला पन हितंच हाय ना तुमी? मी म्हटलं हाय, मिरच्या तेवढ्या कडक वाळवून आण.