सात मिलिमीटर

सोनार : जोर लावू नका, मावशी. अंगठी सांध्यावर अडकलीय. बोट सोलून निघेल.

आई : अडकणारच. हे माप माझं नाहीच. चिठ्ठी दाखवा बघू.

मुलगा : चिठ्ठी कशाला? उन्हानं बोटं सुजली असतील तुझी.

आई : चाळीस वर्षं लोकांचे घेर मोजून कपडे शिवतेय मी. माझं बोट मला कळतं. दाखवा हो.

सोनार : ही घ्या. ‘आतला व्यास सोळा मिलिमीटर.’ मी बरोब्बर सोळाची केलीय.

आई : तुमची चूक नाही. अक्षर ओळखीचं आहे. काय रे, मी तुला घेर किती सांगितला होता?

मुलगा : आता कसं आठवणार?

आई : सत्तावन्न. सांध्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून, खूण करून दिली होती. तूच म्हणालास, सोनाराला व्यास लागतो, भागाकार मी करतो.

मुलगा : मग चुकला असेल भागाकार.

आई : आणि नववीच्या पोरांना वर्तुळ कोण शिकवतं?

सोनार : सत्तावन्नला तीन पूर्णांक चौदानं भागलं की अठराच्या वर जातं, मावशी. सोळाचा घेर जेमतेम पन्नास.

आई : सात मिलिमीटर कुठे गेले, गुरुजी?

मुलगा : मुद्दाम लिहिलं. झालं समाधान? वाटलं, अंगठी बसली नाही तर जरा थांबशील. विचार करशील.

आई : अंगठीवाचून लग्न अडतं होय रे?

मुलगा : एकसष्टाव्या वर्षी, त्या घड्याळजीशी! बाबांना जाऊन पाच वर्षंही नाहीत झाली. शाळेत काय तोंड दाखवू मी?

आई : हेच दाखव, आहे ते. तुझ्या बाबांचं शेवटपर्यंत मी केलं, तेव्हा शाळेतलं कुणी आलं नव्हतं उशाशी. शुक्रवारी सह्या होणार म्हणजे होणार. भाऊ, ही मोठी होईल का?

सोनार : ठोकून एवढी नाही वाढायची. कापून तुकडा घालावा लागेल. सात मिलिमीटरचाच. जोड आतून घासून देतो, दिसणार नाही.

आई : दिसला तर दिसू दे. तू काय उभा राहिलास? ही पट्टी घे, माप परत.

मुलगा : मी?

आई : तूच. सांध्यावरून. इतकी आवळू नकोस, शर्टाची कॉलर नाही ती. हां. किती?

(मुलगा पट्टी मोजपट्टीवर धरतो.)

मुलगा : सत्तावन्न.

आई : भाग दे.

मुलगा : अठरा पूर्णांक... एक. थोडं वरच.

आई : लिही चिठ्ठीवर. सोळा खोडू नकोस, राहू दे तसाच. त्याखाली लिही. आता सही कर.

मुलगा : अंगठीच्या मापावर सही कशाला?

आई : शुक्रवारी साक्षीदार म्हणून करायचीच आहे तुला. हात बसू दे.