वाट्यांवरची अल्मा

हॅलो?… हो, रंजीताच बोलून राह्यलो. अवं निकिता, मोठ्यानं बोल. रिसोडात आहो, भांड्याच्या दुकानात. वाट्यावर नाव टाकाची मशीन चालू आहे…

कोनतं नाव मंजे? तूच तं सांगतलं, अल्मा. उद्या पाळण्यात आत्या म्हनून तेच तं सांगाचं आहे मले, पोरीच्या कानात… थांबवू? आता? निम्म्या वाट्या झाल्या ना वं… बरं बरं. किसनभाऊ, जराक थांबा. भावजयीचा फोन आहे.

हं, बोल… हो… हो… अवं, तुयाच स्पॅनिश क्लासातला शब्द. अल्मा मंजे जीव, असंच सांगतलं होतं ना माह्या भावाले, पवनले?… लॅटिनमधून आला? मूळ अर्थ श्वास… आन आपल्या 'प्राण'शी नातं लागते त्याचं? मंग तं सोयराच निंगाला. रडाले काय झालं?…

हंगेरीत सफरचंद. बरं. वाईट काय त्यात?… हिब्रूत तरणी पोरगी. होईनच ते बी… सारं मोबाइलातच पाहून राह्यली काय तू? बाळंतीण बाई, झोपत जाय जराक…

तुर्कीत काय?… आयकू नाही आलं… 'घेऊ नको'?… तिथं बजारात बी असंच म्हनतात? अल्मा, घेऊ नको… हं…

नाही, आयकून राह्यलो… नकोशी? कोन म्हनीन तिले नकोशी? आपल्या रिठद गावात तुर्की कोनाले येते वं?… हो, तुले तं समजलं. खरं आहे.

निकिता… अवं आयक ना. बाबाचं नाव कागदावर मारोतराव, पन गावात काय म्हनतात? दगडू. काहून? त्याईच्या आंधीचे दोन लेकरं गेले. मंग आजीनं दगडू ठेवलं. दगडाले कोन नेते? अठ्ठ्याहत्तरीचे झाले, काल मळणीयंत्रापाशी उभे होते…

मी शाळेत विज्ञान शिकवतो, मले असलं काही पटत नाही. पन तुया पयला पोरगा बारा दिवसात गेला. त्याचं नावच ठेवाचं राहून गेलं. मले अजून वाईट वाटते त्याचं… हो… माहीत आहे, तू बोलत नाही… मी बी कवा इचारलं नाही. चुकलंच माह्यं.

घेऊ नको, हे पोरीले नाही वं म्हनाचं. जो घेऊन जाते त्याले म्हनाचं…

हॅलो?… निकिता?… आहे ना?… रड. आता रड, काही हरकत नाही… हो, तेच ठेवतो. उद्या कानात सांगतो तवा पाठीत बुक्के मातर हळू मारा. चुलतभावाच्या पोराच्या बारश्यात पवननं पाठ काळीनिळी केली होती माही…

हो. ठेवतो. दूध पाज तिले.

किसनभाऊ, चालू करा. तेच नाव. जरा खोल टाका… राखेनं घासलं तरी निंगालं नाही पाह्यजे.