पायथन नसलेली मशिनं

लातूरच्या बसस्थानकावर मुग्धा नांदेडच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर सुदाम आणि त्याची धाकटी बहीण शीला बोलत होते.

"दादा, तुमच्या क्लासची कम्प्युटर लॅब चालू झाली का?"

"कुठली! सराव परीक्षेचं सॉफ्टवेअर बसवायची स्क्रिप्ट कंपनीच्या मॅडमनी पायथन भाषेमधी लिहून पाठवली. आमच्या मशिनांत पायथनच न्हाई."

"मग टाक की."

"कसं टाकू? पोरं गेम खेळत्यात म्हणून सरांनी नेट तोडलंय."

"अरे, मग मॅडमनी साधी बॅच फाइल लिहायची होती. विंडोजवर तशीच चालली असती."

स्क्रिप्ट मुग्धाचीच होती; सुदामशी तिचं बोलणं फक्त फोनवर झालं होतं. बॅच फाइल तिला जुनाट वाटली होती.

"मॅडमला सांगितलास का?"

"सांगितलो. म्हणल्या, सूचना नीट वाचा. लई हुशार हायत त्या, शीले. माझंच काहीतरी चुकलं असंल."

"आन् सर?"

"पोरांसमोर म्हणले, उद्या परीक्षा झाली न्हाई तर दुसरा माणूस बघतो."

"मग परत फोन लाव की! लाजतोस कशाला?"

"लावतो बाबा."

मुग्धाच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. ती जागची हलली नाही.

"ओ ताई," मागून सुदाम अदबीनं म्हणाला, "तुमचा फोन वाजायलाय."