सासूबाईंची ऐंशी आणि माझे बेचाळीस किलोमीटर

...आणि वर मेहुणा विचारतो, "डाउवे, त्या दिवशी जरा घाईत होतास वाटतं?" घाईत! अहो, तुम्हाला सांगतो, सकाळी सातला कालव्यात उडी मारलेली, चार किलोमीटरला थोडं कमी इतकं पोहलेलो, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल, मग बेचाळीस किलोमीटर धावणं, हे सगळं रात्री दहाच्या आत संपवायचं, नाहीतर पदक नाही, यादीत नाव नाही, काही नाही... आणि हा बाउके, ज्याला फाटकापर्यंत चालत गेलं तर दम लागतो, तो मला विचारतो घाईत होतास का! माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

नाही, एक चूक झाली, ती कबूल करतो. जानेवारीत नावनोंदणी सुरू झाली, अकरा मिनिटांत जागा संपतात, मी दहाव्या मिनिटाला पैसे भरून मोकळा. तारीख कुठली? जुलैचा दुसरा रविवार. आता आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं संडासात, बरोबर डोळ्यांसमोर, बावीस वर्षं मी रोज त्याच्यासमोर बसतोय. पण जानेवारीत जानेवारीचं पान वर असतं हो! जुलै खाली! संडासात बसून कुणी पुढची सहा पानं उलटतं का?

सिट्स्कानं उलटली. माझी बायको. बाहेर आली ती हाताची घडी घालूनच. "डाउवे, त्या रविवारी आईला ऐंशी पूर्ण होतायत."

मी म्हटलं, "अगं, शर्यतीचा रस्ता तुझ्या आईच्या दारावरूनच जातो! धावण्याच्या चार फेऱ्या आहेत. चार वेळा येईन मी!"

"कॉफी संध्याकाळी साडेसातला आहे. साडेसातला असशील?"

"साडेसातला तिथंच असेन."

आता मला म्हणायचं होतं की दारावरून जात असेन. तिनं धरलं की खुर्चीवर बसलेला असेन. माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

त्यात गेल्या वर्षीचं ठसठसत होतंच. गेल्या वर्षी चार मिनिटांनी हुकलो मी. चार! शेवटच्या वळणावर एक बाई कात्री घेऊन उभी होती, वेळ मोजायची पट्टी तिनं माझ्या घोट्यावरून कचकन कापली आणि गोड हसून म्हणाली, "पुढच्या वर्षी या हं." वर्षभर झोपेत ती कात्री ऐकू यायची मला. त्रेपन्न वय माझं, आता किती पुढची वर्षं आहेत? म्हणून यंदा ठरवलं होतं, मेलो तरी चालेल, पण दहाच्या आत मरायचं.

पोहणं ठीक झालं. म्हणजे एकानं चष्म्यावर लाथ मारली, एका बदकानं पाठलाग केला, पण ठीक. सायकल बंधाऱ्यावरून. जाताना वारा समोरून, आणि वळून परत येताना... समोरूनच! हे कसं होतं ते मला विचारू नका, माझा जन्म इथला आहे, मलाही कळलेलं नाही. वर मेंढ्या. बंधाऱ्यावर एक मेंढी आडवी बसली होती, चावत होती काहीतरी, माझ्याकडे असं बघत होती की जणू पैसे मी नाही, तिनं भरलेत.

मग धावणं. पहिल्या फेरीत सासूबाईंच्या दारावरून गेलो, त्या हिरवळीवर खुर्च्या मांडत होत्या. मी हात केला. दुसऱ्या फेरीत खुर्च्या गोल लागल्या होत्या, झाडाला पताका होत्या. मी हात केला. तिसऱ्या फेरीला घड्याळात सात चौतीस, आणि गोल भरलेला! चोवीस माणसं! सगळ्यांच्या हातात कप, सगळ्यांचे चेहरे रस्त्याकडे. मी हात केला...

सिट्स्का उभी राहिली. नुसती उभी राहिली. तुमची लग्नं झालेली असतील तर मला पुढचं सांगायला नको.

मी मनात हिशोब केला. राहिलेत बारा किलोमीटर, हातात दोन तास सव्वीस मिनिटं, दोन मिनिटं जाऊन अभिनंदन करून यावं. आत गेलो. "सासूबाई, ऐंशीबद्दल अभिनंदन!" गालांवर तीन मुके, डावा उजवा डावा. वळलो जायला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आणि बाकीचे?"

बाकीचे! आता वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं करायचं, हे काय आम्हाला कुणी शिकवावं लागतं? पण तिसावा किलोमीटर झालेल्या माणसाला तरी सूट असावी की नाही? नसते. केली सुरुवात. सिट्स्का, आईबद्दल अभिनंदन, तीन मुके. बाउके, आईबद्दल अभिनंदन, हात. बाउकेची बायको, सासूबद्दल अभिनंदन, तीन. शेजारीण, शेजारणीबद्दल अभिनंदन, तीन. चर्चमधला बाजा वाजवणारा, त्याचं कशाबद्दल अभिनंदन करावं सुचेना, म्हटलं, "एकूणच अभिनंदन!" आणि माझं तोंड कसलं? मिठाचा थर, त्यावर ताकदीसाठी चोखलेलं चिकट जेल, त्यावर डास. मी पुढे सरकलो की मागे एकेक जण गुपचूप गाल पुसतोय! सहाव्या नंबरच्या बाईनं तर रुमाल आधीच काढून ठेवला होता. माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

गोल संपला. चोवीस माणसं. तर शेवटी एक रिकामी खुर्ची, आणि त्या खुर्चीवर माझ्या नावाची बशी. ऍपल पाय. वर साय.

"बस," सिट्स्का म्हणाली.

तुम्ही कधी तीस किलोमीटर धावून बागेतल्या खुर्चीत बसलाय? बसू नका. बसणं जमतं. उठणं हा वेगळा खेळ आहे, त्याचा सराव माझ्या वहीत कुठेच नव्हता. मांड्यांनी जागच्या जागी संप पुकारला. म्हटलं, निदान खाऊन घेऊ, ताकद येईल. पहिला घास तोंडात घातला आणि कुंपणापलीकडून शिट्टी!

शर्यतीचा पंच. सायकलवर. पिवळं जाकीट, हातात कार्ड. "नंबर आठशे बारा! बाहेरच्या माणसाकडून खाणं घेतलंत!"

"बाहेरच्या?" मी तोंडातला घास सांभाळत ओरडलो. "अहो, ही माझी सख्खी सासू आहे!"

"नियमात घरचे म्हणजेच बाहेरचे."

नियमपुस्तकातलं एवढं शहाणपणाचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. पण वाद घालायला तो आत आला... आणि तिथं चुकला बिचारा. सासूबाई उठल्या. "शिट्ट्या कसल्या वाजवतोस रे माझ्या बागेत?"

"आजी, मी ड्यूटीवर आहे, यांना कार्ड—"

"कार्ड नंतर. आधी अभिनंदन."

आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं हेल्मेट काढलं! काढावंच लागलं त्याला, तोही इथलाच, त्यालाही आई आहे. "ऐंशीबद्दल अभिनंदन, आजी." तीन मुके. आणि मुकाट्यानं उजवीकडून गोलाला लागला. चोवीस माणसं! "तुमच्या आईबद्दल... तुमच्या सासूबद्दल..."

मला वाटलं, हीच वेळ! पळ, डाउवे! पण पळणार कसा? निरोप न घेता? निरोपही गोलानंच घ्यावा लागतो! बाउके आणि त्याचा साडू, दोघांनी मला काखेत धरून उचललं, पियानो उचलावा तसा, आणि मी डावीकडून सुरू झालो. तो उजवीकडून अभिनंदन करत येतोय, मी डावीकडून निरोप घेत जातोय, आणि बरोबर मध्यावर, रिक्स्टमावशीपाशी, आम्ही भिडलो. एका गालाला मी, दुसऱ्या गालाला पंच. शहात्तर वर्षांची मावशी, लाल झाली. म्हणाली, "माझ्या वाढदिवसाला पण या हं. दोघंही. नोव्हेंबरात आहे."

पंचानं तिथंच मला कार्ड दिलं. त्याच्या एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात ऍपल पायची बशी. "पाच मिनिटांची शिक्षा. शेवटच्या रेघेआधी शिक्षेचा तंबू आहे, तिथं बसायचं."

"आणि तुम्ही खाताय ते?"

"मी धावत नाहीये." आणि माझ्याच खुर्चीत बसला! माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

"दुसरा कप?" सासूबाईंनी विचारलं. घड्याळात सात छप्पन. बावीस मिनिटं गेलेली. मी म्हटलं, "सासूबाई, नको, खरंच नको, मला जायलाच पाहिजे." अख्खा गोल गप्प झाला. कुणीतरी चमचा खाली ठेवला. बागेतून बाहेर पडेपर्यंत ती शांतता माझ्या पाठीवर बसली होती, आणि तुम्हाला सांगतो, तिचं वजन सायकलीपेक्षा जास्त होतं.

पुढचे बारा किलोमीटर कसे गेले ते विचारू नका. पाय लाकडाचे. चौथ्या फेरीला सासूबाईंच्या दारावरून मान खाली घालून गेलो, खुर्च्या रिकाम्या, म्हटलं, रागावून सगळे घरी गेले. एका बाजूला कात्रीवाली बाई डोळ्यांसमोर, दुसऱ्या बाजूला ती शांतता. नऊ त्रेपन्नला तंबूत पोचलो. पाच मिनिटं बसायचं, हो, पुन्हा खुर्चीत! तंबूतल्या माणसाला म्हटलं, "उभा राहिलो तर चालेल?" तो म्हणाला, "चालेल." देव त्याचं भलं करो. पाच मिनिटं बगळ्यासारखा उभा राहिलो. नऊ अठ्ठावन्नला सुटलो. तीनशे मीटर. ती बाई कात्री घेऊन उभीच होती, माझ्याकडे बघून कात्री उघडली, बंद केली, उघडली... आणि मी तिच्या पुढून गेलो! गेलो हो! रेघ ओलांडली! गळ्यात पदक! चौदा तास, एकोणसाठ मिनिटं, एकतीस सेकंद!

डोळे पुसून बघतो तर काय, कठड्यापलीकडे सगळा गोल हजर. चोवीसच्या चोवीस. पंचसुद्धा, ओठाला अजून साय. सिट्स्का रडत होती, तिनं मला धरलं, मिठाच्या थरासकट धरलं, आणि म्हणाली, "वेड्या." तुम्हाला सांगतो, त्या एका शब्दासाठी मी आणखी एकदा मेंढीसमोरून गेलो असतो.

आणि मग सासूबाई पुढे झाल्या. गाल पुढे केला नाही. वरच्या मोठ्या घड्याळाकडे बघत होत्या, भुवया जवळ आणून, ओठ हलवत, काहीतरी मोजत होत्या.

"दहाला बंद होतं ना हे?"

"हो, सासूबाई."

"म्हणजे एकोणतीस सेकंद शिल्लक होते." माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, दुसरा कप उभ्या उभ्या तरी झाला असता की!"

मी तोंड उघडलं. काहीतरी सडेतोड सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. मग मनातल्या मनात हिशोब केला. कोमट असती कॉफी, तर... झाला असता हो.