डब्याचं दुसरं दार

नाई, तुमी शंभरदा म्हणा, या कागदावर मी सही नाई करत साहेब. पेन खिशात ठेवा. नागपूरहून जीप घेऊन आले, पाण्यापावसाचे आले, बसा, चहा घ्या — माह्या मायनं केला आहे, बायनाबाईच्या चहाले चिमुरात कोणी नाई म्हणत नाई — पण सही मागू नोका. काय लिवलं आहे तुमी? थांबा, मीच वाचते, चष्मा कुठी गेला — हा. 'राऊटर बसवणाऱ्या श्रीमती सरिता नगराळे यांनी मूळ पासवर्ड न बदलल्यामुळे बाहेरील व्यक्तीने प्रवेश केला. कंपनीच्या यंत्रात कोणताही दोष नाही.' वा! दोन ओळीत कंपनी धुतल्या तांदळाची अन् सरिता चोर. टाईप मात्र सुंदर केला आहे हो.

काऊन करू सही? चंद्रपूरले आयटीआय केलं मीनं, इलेक्ट्रॉनिक्स, वर्गात एकवीस पोरं अन् एकटी मी. टीव्ही दुरुस्त केले, फोन दुरुस्त केले, मंग इंटरनेट आलं तं हे तुमचे राऊटरचे डबे लावले — चिमूर, भद्रावती, मोहर्लीतली हाटेलं, एकेचाळीस डबे, सात वर्षं झाली. बाई शिडीवर चढून वायर ओढते म्हणून लोकं खाली उभे राहून हसत. हसा म्हणलं. डबा चालू झाला का हसणं बंद होते. अन् आता तेच लोकं बसस्टँडवर म्हणून राह्यले का सरिताबाईनं डब्यात काहीतरी करून ठेवलं. सहा दिवस झाले, कोणी कामाले बोलावत नाई. मेडिकलवाल्यानं तं डब्याची वायरच उपटून टाकली, जसा काही आत साप बसला आहे.

झालं काय ते तुमाले मालूम आहे, तरी ऐका, कारण या कागदात पोरीचं नावच नाई. रिंकू. दादाजी ढिवराची पोरगी, तलावावर मासे धरते तिचा बाप. बारावीले अठ्ठ्याहत्तर टक्के. नर्सिंगचा फार्म भराले बसस्टँडवर अश्विनच्या सेंटरमंदी आली — अश्विन म्हणजे माह्याकडूनच डबा लावलेला पोरगा, चार कॉम्प्युटर आहेत त्याचे. फार्म बराबर भरला. फी अश्विन आपल्या बँकेच्या खात्यातून कॉम्प्युटरवरूनच भरते सगळ्याइची, तशीच तिची भरली. बँकेचं पान उघडलं, तोच रंग, तेच चिन्ह, त्यानं नंबर टाकला, पासवर्ड टाकला, पान म्हणते — धन्यवाद, फी मिळाली. पावती छापाच्या आधी लाईन गेली. लोडशेडिंग. अश्विननं पेनानं लिहून देल्लं, 'भरली'. रोजच देते तसं. अन् ते पान बँकेचं नवतंच. कोणीतरी बाहेरून डब्यात शिरून पत्ता फिरवून ठेवला होता — फाट्यावरची पाटी कोणी उलटी केली तं भद्रावतीले जाणारा माणूस वरोऱ्याले पोचते ना, तसंच. अश्विनचं खातं साफ झालं, ते त्याचं तो पाहीन, पोलिसात गेला आहे तो. पण यादी लागली तं रिंकूच्या नावापुढे 'फी अप्राप्त'. सीट गेली.

दादाजी आला इथी. याच खुर्चीवर बसला, तुमी बसले तिथीच. शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं. तो म्हणते, 'बाई, पोरीनं का चूक केली तेवढं सांगा, म्हणजे तिले समजावून सांगतो.' का सांगू त्याले? मले रडू आलं साहेब, खोटं कायले बोलू, त्याच्यासमोरच आलं.

म्हणून मीनं कॉलेजात फोन केला. एक सीट रिकामी आहे. तिथली मॅडम म्हणते, कंपनीनं लिहून द्यावं का दोष यंत्रात होता, उमेदवाराचा नवता, आज पाच वाजेपर्यंत फॅक्स पाठवा, मी विचार करते. आज पाच वाजेपर्यंत! तीन दिवस मी तुमच्या नागपूरच्या हाफिसात फोन करून राह्यली, अन् आज साडेतीन वाजता तुमी आले, अन् आणलं काय तं हे. या कागदावर सही झाली का यंत्र चांगलं, मंग मॅडम काऊन विचार करतीन? सीट दुसऱ्याले.

पासवर्ड नाई बदलला म्हणता. ही वही पाहा. दर डब्याचं एक पान. हे अश्विनचं — तारीख पाहा, लावला त्याच दिवशी बदलला. पासवर्ड इथी लिवला आहे, वाचू नोका, बस एवढं पाहा का कंपनीवाला नाई आहे. एकेचाळीसच्या एकेचाळीस बदलले मीनं. मंग चोर कसा शिरला? मी सांगते कसा. तुमच्या डब्याले दोन दारं आहेत. एक आमाले दाखवता, अन् दुसरं मागून, तुमचं सोताचं, त्याची चावी सगळ्या डब्याले एकच, अन् ती कोणाले बदलता येत नाई. नाई काय म्हणता? मीनं डोळ्यानं पाह्यलं! फेब्रुवारीत अश्विनचा डबा आटकून राह्यला होता. तुमच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पोरगा होता, चांगला होता बिचारा. म्हणते, 'एक मिनिट मॅडम' — अन् डब्याचे दिवे लुकलुक करू लागले, अन् तो तिकून सांगते का तुमचं हे असं आहे, ते तसं आहे, मी ठीक करून देतो. मी म्हणलं, बापू, मीनं तुले पासवर्ड सांगतलाच नाई, तू आत कसा आला? तं हसला. म्हणते, 'आमच्याकडे एक चावी असते मॅडम, सगळ्या डब्याले चालते, तुमचा पासवर्ड कोणताबी असो.' त्याच्याकडे असते तं चोराकडे नसीन? एकानं डबा खोलून वाचली का जगाले वाटली. तो पोरगा नागपुरात बसून चिमुरातल्या डब्यात आला साहेब, नागपुरात बसून, बाहेरची खिडकी उघडी होतीच, चावी लावली अन् आला —

काय म्हणले?

हाव. कंपनी बंदच देते ती खिडकी. इंटरनेटवरून डब्याच्या आत येणं सेटिंगमंदीच बंद असते, आपोआप उघडत नाई. बराबर आहे तुमचं.

थांबा, मले एक घोट घेऊ द्या.

मीनं उघडली. सगळ्या डब्याची. लिहून घ्या, लाजत नाई मी. काऊन उघडली ते बी लिवा मंग. मोहर्लीचा डबा बिघडला का तिथी जाले भद्रावतीवरून जंगलाचा रस्ता, चार नंतर मोटारसायकलवाले बी थांबतात, मी तं एसटीनं जाणारी बाई. दोनदा रस्त्यात अडकली, एकदा वाघीण पिल्लं घेऊन डांबरावर बसली होती तं दीड घंटा बस उभी. घरी ही माय एकटी, डोळ्याले दिसत नाई बराबर. मंग मीनं विचार केला, खिडकी उघडी ठेवली तं घरूनच डबे सुधारता येतीन. अन् पासवर्ड तं आहे ना. आमच्या खेड्यात बाई वावरात गेली का दाराले काडी आडवी लावून जाते, कुलूप नाई. काडी पाह्यली का माणूस समजते, घरात कोणी नाई, अन् वापस जाते. मीनं पासवर्ड लावला म्हणजे काडी लावली. जगातले चोर काडी नाई ओळखत, हे मले समजाले पाह्यजे होतं. नाई समजलं. तेवढी गलती माही.

अन् अजून एक सांगते, आता तोंडातून निघालंच आहे तं. तो पोरगा आत आला त्याच दिवशी मले समजलं होतं. फेब्रुवारी ते जुलै, मी गप्प. खिडक्या बंद करणं माह्या हातात होतं. अर्ध्या बंद केल्या, अर्ध्या राहू देल्या, अश्विनची राहू देल्ली. कोणाले सांगतलं नाई, कारण सांगतलं असतं तं पयला शब्द काय निघाला असता? 'बाईनं लावला ना, मंग असंच होईन.' ते ऐकाचं नवतं मले.

नवं फर्मवेअर काऊन नाई टाकलं विचारता? तुमी मार्चमंदी काढलं, चोर अडवाले डब्याची आतली अक्कल बदलणारी फाईल, मालूम आहे मले. त्याच्यावर लिवलं आहे, सात मिनिटं लाईन जाऊ नये, गेली तं डबा कामातून गेला. सात मिनिटं! चिमुरात बारा-बारा घंटे लोडशेडिंग, टाईमटेबल कागदावर, लाईन तिच्या मर्जीनं. मोहर्लीतल्या एका हाटेलात टाकलं मीनं, पाचव्या मिनिटाले लाईन गेली. डबा मेला. तुमच्या हाफिसात नेला, तं म्हणते, ग्राहकानं छेडछाड केली, गॅरंटी नाई. मंग कोण टाकीन परत? नागपूरच्या एसी खोलीत बसून फाईल काढणाऱ्यानं एकदा इथी येऊन मेणबत्तीत टाकून दाखवावी.

नाई, आता ते नोका सांगू. 'सही केली तं तालुक्याचं काम तुमच्याकडेच राहीन सरिताबाई' — हे ऐकलं मीनं मघाशी. एकेचाळीसचे शंभर डबे होतीन म्हणले. अन् दादाजी तलावावरून येताना दिसला का मी कुठी पाहू?

हा पाहा, कागद मीनं बी लिवला आहे. हातानं लिवला, टाईप नाई. रातभर नाई, आज सकाळी जेवण व्हाच्या आधी, वीस मिनिटात. 'एक : डब्याची बाहेरची खिडकी मी उघडी ठेवली, अन् धोका समजल्यावर गप्प राह्यली. दोन : डब्यात कंपनीची छुपी चावी आहे, ती ग्राहकाले बदलता येत नाई. तीन : उमेदवार रिंकूची यात काही चूक नाई.' — हाव, खिडकीचं आधीच लिवलं होतं. तुमाले मघाशी सांगाचं नवतं, ते निघून गेलं. तुमी मान खाली घालून सही केली असती तं मी बी मान खाली घालून केली असती, तोंडानं बोलाचं काम नवतं पडलं. खाली दोन रेघा आहेत, दोन सह्याच्या. पाहा, ही माही. सरिता नगराळे. झाली.

आता तुमची.

माहित आहे, नोकरी आहे तुमची. माहं बी पोट यावरच आहे भाऊ. उद्यापासून या तालुक्यात माह्या हातून कोणी वायर बी नाई जोडून घेणार, पयली ओळ वाचली का. तरी केली ना. तुमाले तं फक्त दुसरी ओळ खरी आहे एवढंच म्हणाचं आहे, अन् ती खरी आहे हे तुमाले मालूम आहे. तुमचं तोंडच सांगून राह्यलं. घ्या पेन. तुमचाच आहे.

नाई?

मंग उठा. कप राहू द्या तसाच, माय उचलते. हा तुमचा कागद, घडी मोडू नोका, छान टाईप केला आहे. चार वाजत आले, जंगलाचा पट्टा उजेडात पार करा, अन् वाघीण रस्त्यावर बसली असली तं हॉर्न मारू नोका, मुकाट्यानं थांबा. मले पाचच्या आत फॅक्स पाठवाचा आहे, लाईन आहे तोवर. एकाच सहीचा जाईन. दुसऱ्या रेघेच्या खाली तुमचं अन् तुमच्या कंपनीचं नाव लिहून देते, अन् वर सहीची जागा रिकामी ठेवते. ती रिकामी जागा बी वाचता येते लोकाइले. निघा.