मास्तरीणबाईंचे पावटे

सामोस बेटावरच्या वाण्याकडे एव्हान्थिया तांदळासाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढे होती गणिताच्या मास्तरांची बायको, अर्गिरो. तिचा आवाज ऐकून एव्हान्थियाने कान टवकारले.

"दोन किलो पावटे दे, स्तेलिओस."

"पावटे? काकू, मास्तर खवळतील! पायथागोरसने पावटे वर्ज्य केलेत ना?"

"म्हणूनच चाळीस वर्षं माझ्या घरात पावटा शिजला नाही. त्याचा काटकोन तरी आणायचा घरात! ह्यांना एक फडताळ सरळ ठोकता येत नाही."

"पण आपल्या बेटाचा एवढा मोठा माणूस..."

"मोठा? बेट सोडून इटलीला गेला. पावटे खाणारे आपणच राहिलो इथे."

"आणि मास्तरही घर सोडून गेले तर?"

"जाऊ देत गुरूच्या वाटेने. बोट पाचला सुटते. तू तीन किलो कर."