दुसऱ्याच्या मापाचा कोट

आवं, बसा की निवांत. सांगलीची एस्टी अजून अर्धा तास तरी न्हाई येत. आन् त्या पानपट्टीकडं बघू नका, ती मानसं तुमच्याकडं बघायचं सोडनार न्हाईत — बघतील न्हाई तर काय? अर्धी चड्डी, डोस्क्यावर ह्ये टोपलं, आन् त्या जाकिटाला खिसं किती म्हनायचं — मी दोनदा मोजलं, तेरा! पस्तीस वर्सं झाली आष्ट्यात कपडं शिवतोय, पन एका मानसाला तेरा खिसं लावा म्हनून कुनी आलं न्हाई. काय म्हनता, झाडांची पानं गोळा करता? असं व्हय. मग लागत्यात बाबा. त्यो ज्योतिबा पानवाला आत्ताच इचारून गेला — मास्तर, ह्यो गडी कसला वाटतोय? गावात कापडाचं काय असलं की मलाच इचारत्यात न्हवं. म्हनलं, मला नगं इचारू. म्हनून तर तुमाला आत बोलावलं. च्या घ्या.

का नगं म्हनलं? आता तुमी कुठं गावात ऱ्हानार हाय, सांगतो. म्हैना झाला. चोरांची टोळी फिरतीया म्हनून आवई उठलेली, आन् भर दुपारी, डांबर चपलीला चिकटतंय असल्या उनात, एक गडी काळा कोट घालून ह्या दुकानावरनं चारदा गेला. म्होरं जातोय, थांबतोय, आत बघतोय, पुन्यांदा माघारी. ज्योतिबा म्हनला, मास्तर, बघा की. बघितलं. खांदा दोन बोटं खाली उतरलेला, बाही अंगठ्यापतूर, पोटावर निस्तं पोतं — म्हनलं, कोट ह्याचा न्हाई, दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला हाय. एवढंच म्हनलो मी. चोर म्हनलो न्हाई — म्हनलो. खोटं कशाला बोलू? चोरीचा हाय, म्हनलो.

झालं, धरला त्याला, तालमीत नेऊन बसवला. नाव सांगंना, गाव सांगंना. कोट तपासाय मास्तरच पायजेत, म्हनून मला बोलावलं. लय ऐटीत गेलो, बरं का. खिशात हात घातला — आन् हाताला लागलं झबलं. तान्ह्या पोराचं, एवढंसं. मी कापड कवाबी आदी उलटं करून बघतो, सवय हाय. तुरपाई बघितली — बारीक टाका, मदी दोन दोरं सोडून, आन् शेवटाला गाठ न्हाई, दोरा तीनदा फिरवलेला. गाठ टोचती न्हवं लेकराला. आख्ख्या आष्ट्यात तसं कुनी करत न्हाई. मी करतो, आन् आमची पमू करती. मीच शिकवलेलं, ह्या फळीवर शेजारी बसवून.

पमू म्हंजी माझी लेक, प्रमोदिनी. तीन वर्सांमागं सांगलीत आपल्या मनानं लगीन केलं. मी म्हनलो, जावयाचं तोंड बघायचं न्हाई मला. बघितलंच न्हाई, मग वळखू कसा? मधू नाव हाय म्हनं. शिंप्याच्या दारात जायचं, नीटनेटकं जावं, म्हनून दोस्ताचा कोट मागून आला असनार यडं! आन् तालमीत तोंड उघडंना — का, तर सासरा म्हनून माझं नाव सांगितलं असतं तर चारचौघांत माझीच अब्रू गेली असती.

मग मी काय केलं? न्हाई, जावई म्हनून जवळ न्हाई घेतलं. आठ मानसं बघत हुती ओ. झबल्याची घडी घातली, त्याच्या खिशात ठेवली, आन् म्हनलो — सोडा रं ह्याला, येडं हाय कुनीतरी. बास. त्यो माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग उठून एस्टीला गेला. लय वंगाळ केलं मी. पैलं बाळंतपन म्हायेरात व्हायचं, झबली मी शिवायची — ती पोरीनं एकटीनं शिवली, आन् बापाला दाखवाय धाडली.

न्हाई न्हाई, सुईत दोरा ओवून ओवून पानी येतंय डोळ्यांस्नी. जरा उभं ऱ्हावा बघू. तुमची चण त्याच्यासारखीच हाय. ह्यो त्याच्यासाठी शिवलेला कोट घाला. घाला ओ, ते तेरा खिसं घटकाभर ठेवा बाजूला, कुनी पळवत न्हाई! त्याचं माप कुठलं घेतलंय — चोर म्हनून निरखला न्हवं का, तवाच डोळ्यांत बसलं. हात वर करा. खाली. खांदा झ्याक बसला. बाहीबी.

तुमी सांगलीलाच चाललाय — इश्रामबागेत पमूच्या घरी पोचवाल एवढा? कुनी दिला ते सांगू नका. न्हाई, सांगा. न्हाई — काय? मीच चलू म्हनता? मी? ह्या कपड्यांत? पायजम्याला खडू, अंगभर दोरं — सांगलीच्या स्टँडवर मलाच धरत्याल! हसू नका. तुमच्याशेजारी बसलो तर नक्कीच धरत्याल.

आली वाटतं एस्टी. काढा कोट, हळू, सुरकुती पाडू नका. ती पिशवी द्या. त्या दाराला जरा हात लावा. गळ्यात टेप? ऱ्हाऊ द्या, लागंल. नातीचं माप घ्यायचं हाय — का नातू हाय? त्येबी इचारलं न्हाई मी त्याला.

ओ नानासो, दुकान बंद! पाटलोन उद्या!